फुटक्या काचांची मैफल

चार मित्रांनी रात्री भेटायचे ठरवले की पहिला प्रश्न निघतो तो जेवायला कोठे जायचे हा. शहरातील रात्रीची बहुतेक करमणूक ताटाभोवती फिरते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन घरातील माणसाची येथे पंचाईत होते. चौविहार करणारा मित्र उपाहारगृहात रिकाम्या ताटासमोर बसतो, वाढपी दोनदा विचारून जातो, सोबतचे जेवताना संकोचतात. पुढच्या वेळी तो स्वतःच ‘आज हिशेब मिळवायचा आहे’ असे सांगून येण्याचे टाळतो. शाळेपासूनची मैत्री अशा लहानसहान टाळाटाळीने विरळ होत जाते. भांडण कोणाचेच झालेले नसते, म्हणून समेटही कोणी करत नाही.

शहरांतून रुजू लागलेल्या कलासंध्यांनी या अडचणीवर नकळत एक उपाय दिला आहे. जेवणे आपापल्या घरी वेळेवर उरकावीत, दुकानांची शटरे खाली आल्यावर कोणाच्या तरी दिवाणखान्यात वा गच्चीवर जमावे आणि दोन-अडीच तास हातांनी काही घडवावे. कोठे मातीकाम चालते, कोठे रंगकाम. त्यांतलाच एक प्रकार फुटक्या काचांपासून चित्रे, तबके आणि आरशांच्या चौकटी करण्याचा आहे. त्याला फारसे भांडवल लागत नाही. तडा गेलेली वाटी, फुटलेला आरसा, अत्तराची रिकामी कुपी, रंगीत बाटली, चुड्यातील हिरव्या बांगड्यांचे तुकडे, असा ऐवज बहुतेक घरांत पडून असतोच.

फुटकी काच घरात ठेवू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्यामागे अपशकुनाची समजूत आहे, तसाच व्यवहारही आहे. अनवाणी वावरणाऱ्या घरात काच पायात जाते. परंतु हीच काच नीट हाताळली, नीट बसवली, तर ती कोणाला लागत नाही आणि दिव्याचा प्रकाश अनेक पटींनी परत देते. या मैफलींचे सारे शास्त्र त्या ‘नीट’ या शब्दात आहे.

मांडणीची रात्र

अशा बैठकीचा पहिला नियम जैन मनाला सहज पटेल असा आहे. चित्रासाठी धड वस्तू फोडायची नाही. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे, म्हणजे निष्प्रयोजन हानीपासून दूर राहणे. हौसेखातर चांगला प्याला फोडणे त्यात बसत नाही. जे आधीच फुटले आहे, ज्याला तडा गेला आहे, जे भंगारात निघाले आहे, तेवढेच तबकात यावे. मोटारीच्या गॅरेजमध्ये फुटलेल्या बाजूच्या काचांचा चुरा मिळतो. ही कडक केलेली काच असते. तापवून एकदम गार केल्यामुळे तिच्यात ताण साठवलेला असतो, म्हणून ती फुटते तेव्हा लांब पात्यांसारखी न फुटता साखरेच्या खड्यांएवढ्या बोथट तुकड्यांत विखुरते. नवशिक्यांसाठी हेच खडे सर्वांत बरे. मोटारीची समोरची काच मात्र वेगळी असते. दोन काचांच्या मधोमध पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असल्याने ती तडकली तरी एकसंध राहते, आणि या कामास ती उपयोगी पडत नाही.

दुसरा नियम अंगाच्या रक्षणाचा. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, पायांत बंद चपला वा बूट. लहान मुलांना या कामात घेऊ नये. मोठा तुकडा लहान करायचा असेल तर तो गोणपाटाच्या दुहेरी घडीत गुंडाळून वरून हलका ठोका द्यावा, उघड्यावर फोडू नये. कडा घासायच्या त्या पाण्याखाली, ओल्या दगडावर. कोरडी घासली की काचेची बारीक धूळ हवेत उडते आणि श्वासावाटे छातीत जाते.

मग खरी मांडणी सुरू होते. प्लायवूडचा तुकडा, जुने लाकडी तबक किंवा रिकामी चौकट घेऊन त्यावर पेन्सिलने आराखडा काढतात. कमळ, कलश, मोर, स्वस्तिक हे आकार बहुतेकांच्या हाताखाली रांगोळीतून आधीच गेलेले असतात. तुकडे प्रथम गोंदाशिवाय नुसते मांडून पाहायचे. निळ्याशेजारी पांढरा शोभतो का, आरशाचा तुकडा मध्ये घ्यावा की कडेला, हे येथेच ठरते. चिमट्याने उचलावे, ठेवावे, पुन्हा उचलावे. ज्याला वाटते की आपल्याला चित्रकला येत नाही, त्याचीही मांडणी तासाभरात आकार घेऊ लागते, कारण येथे रेषा काढायची नसून निवड करायची असते. माल पारखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला निवड शिकवावी लागत नाही.

मांडणी मनासारखी झाली की एकेक तुकडा चिकटवायचा. जुन्या काळी कारागीर सरस वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो, म्हणून जैन घरांनी कृत्रिम गोंद निवडावा. तो आज सर्वत्र मिळतो. गोंद वाळण्यास एक दिवस द्यावा लागतो. त्यानंतर तुकड्यांमधील फटी पांढऱ्या सिमेंटच्या पातळ लगद्याने भरून वरचा लगदा ओल्या फडक्याने पुसून घेतात. काही जण फटी भरण्याऐवजी वरून पारदर्शक रेझिन ओततात. त्याचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात, खोली हवेशीर असावी लागते, हातमोजे काढून चालत नाही आणि पूर्ण कडक होण्यास एक ते तीन दिवस लागतात. कोणत्याही मार्गाने गेले तरी पहिल्या रात्री वस्तू घरी नेता येत नाही. दुसऱ्यांदा जमावेच लागते. मैत्री टिकवण्याच्या दृष्टीने ही अडचण फायद्याची आहे.

या कामात आणखी एक गुण आहे. हात गुंतलेले असतात आणि नजर तबकावर असते, त्यामुळे बोलणे सैल होते. समोरासमोर बसून जे विचारता येत नाही ते शेजारी बसून विचारता येते. बुडालेली उधारी, परदेशी गेलेल्या मुलाचे न येणारे फोन, भावाभावांतील वाटणी, असे विषय मोठ्या मेजवानीत कोणी काढत नाही. काचेचा तुकडा फिरवता फिरवता ते निघतात, आणि उत्तर देणाऱ्यालाही मान वर करावी लागत नाही.

तुकड्यांची जुनी विद्या

काचेच्या तुकड्यांनी भिंत उजळण्याची कला जुनी आहे आणि तिचा प्रवास व्यापाराच्या वाटेनेच झाला आहे. इराणमध्ये तिला आयनाकारी म्हणतात. व्हेनिसहून मागवलेले मोठे आरसे लांबच्या प्रवासात फुटून पोहोचत, आणि तो फुटलेला माल टाकून न देता कारागिरांनी त्याचे तुकडे भिंतींवर जडवले, अशी या कलेच्या उगमाची हकिकत सांगितली जाते. वाहतुकीत फुटलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न व्यापारी घरांना नवा नाही. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातील आरसे दालन आणि शिराझमधील शाह चेराग हे या कलेचे विख्यात नमुने आहेत.

भारतात मोगल आणि राजपूत वास्तूंत शीशमहाल उभे राहिले. लाहोरच्या किल्ल्यातील शीशमहाल शाहजहानच्या काळातला. जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यातील शीशमहालात छताचे बहिर्गोल आरसे एका ज्योतीच्या असंख्य ज्योती करून दाखवतात. मेवाडात याच जातीच्या कामाला ठीकरी म्हणतात आणि उदयपूरच्या राजवाड्यात ते पाहावयास मिळते. गुजरातमधील कपडवंज हे गाव भरतकामातील आभल्यांच्या काचेसाठी प्रसिद्ध होते. ती काच करण्याची रीत मोठी बोलकी आहे. काचेचा मोठा फुगा फुंकायचा, आतून त्याला चकाकणारा मुलामा द्यायचा आणि मग तो फुगा फोडून त्याच्या तुकड्यांतून गोल टिकल्या कापायच्या. घागऱ्यावर आणि तोरणावर चमकणारे आभले अशा रीतीने फुटण्यातूनच जन्माला येते.

लहान तुकड्यांचा आग्रह केवळ काटकसरीपोटी नव्हता. एक मोठा सपाट आरसा एकच प्रतिबिंब देतो. शंभर तुकडे बसवताना प्रत्येकाचा कोन केसभर वेगळा होतो आणि एका दिव्याचे शंभर दिवे दिसतात. शिवाय घुमटाच्या गोलाईवर सपाट तावदान बसत नाही, तुकडे बसतात. हेच तत्त्व गच्चीवरच्या चायना मोझॅकचे. फुटक्या पांढऱ्या फरशांचे ते काम पश्चिम भारतात उन्हाचा ताप परतवण्यासाठी सर्रास करतात. पुण्यात फर्निचर-व्यवसायाच्या कुटुंबात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतील ‘अमदावाद नी गुफा’चे घुमट याच फुटक्या तुकड्यांनी मढवले.

जैन मंदिरांनी ही विद्या भक्तिभावाने जोपासली. कोलकात्यात राय बद्रीदास बहादूर या जवाहिऱ्याने १८६७ मध्ये दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांचे मंदिर उभारले. रत्नांची पारख असलेल्या त्या माणसाने भिंती आणि खांब मढवण्यासाठी काच निवडली. रंगीत काच, आरशाचे तुकडे आणि त्यांतून साकारलेली फुलवेलींची नक्षी पाहण्यासाठी आजही दूरदूरचे यात्री तेथे येतात.

इंदूरचे काच मंदिर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी पाहिलेले असते. कापडगिरण्यांच्या व्यवसायात मोठे नाव कमावलेले सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते इतवारिया बाजारात बांधवले. बाहेरून ती वास्तू दगडी हवेलीसारखी दिसते. आत पाऊल टाकताच भिंती, खांब, छत, जमीन, सर्वत्र काच. शांतिनाथ भगवंतांची श्यामवर्णी मूर्ती गाभाऱ्यात आहे, आणि समोरासमोरच्या आरशांमुळे मूर्तीची प्रतिबिंबांची रांग दूरवर गेलेली दिसते. भिंतींवर काचेतूनच पुराणकथा आणि दुष्कर्मांची फळे भोगणाऱ्या जीवांची दृश्ये घडवली आहेत. या मंदिरांतील बहुतेक तुकडे मुद्दाम कापलेले आहेत, आपोआप फुटलेले नाहीत, एवढा फरक ध्यानात ठेवावा. पण दोन्हीकडे कारागिराचे कसब एकच. प्रत्येक तुकड्याची धार सांध्यात बुजवायची आणि पृष्ठभाग प्रकाशाकडे वळवायचा. हात फिरवला तर बोटाला काही लागता कामा नये.

चंडीगडचा रस्ता-निरीक्षक

फुटक्या वस्तूंच्या कलेत भारताचे नाव जगभर पोहोचवले ते नेकचंद सैनी यांनी. त्यांचा जन्म १९२४ चा, आजच्या पाकिस्तानातील शकरगढ भागातला. फाळणीत गाव सुटले आणि ते नव्याने उभ्या राहणाऱ्या चंडीगड शहरात सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक म्हणून लागले. आखीव चौकांचे ते आधुनिक शहर वसवण्यासाठी जुनी गावे उठवली जात होती. उठलेल्या गावांची फुटकी भांडी, बांगड्या, फरशा, विजेचे निकामी सुटे भाग यांचे ढीग पडत होते. १९५७ च्या सुमारास नेकचंद यांनी हे ढीग वेचायला सुरुवात केली. सायकलवरून ते साहित्य शहराबाहेरच्या सरकारी जंगलातील एका घळीत नेत आणि कामावरून सुटल्यावर, बहुधा रात्री, तेथे मूर्ती घडवत. ती जागा बांधकामास मनाई असलेली होती, म्हणून हे काम पंधरा-एक वर्षे गुप्त राहिले.

पुढे अधिकाऱ्यांच्या नजरेस ती घळ पडली तेव्हा तेथे मूर्तींची वसाहत उभी होती. नियमाप्रमाणे ती पाडता आली असती. चंडीगडकरांनी तिच्यावर जीव जडवला आणि प्रशासनाने ती राखण्याचा निर्णय घेतला. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले आणि नेकचंद यांना त्याच कामावर नेमण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या बागेत स्त्रियांच्या मूर्तींच्या रांगा आहेत, आणि त्यांतील कित्येकींची वस्त्रे फुटक्या काचेच्या बांगड्यांची आहेत. लाल, हिरवे, सोनेरी तुकडे सिमेंटमध्ये दाटीने खोचलेले. आपले गाव गमावलेल्या माणसाने उठलेल्या गावांच्या भग्न वस्तूंना पुन्हा वस्ती दिली, असे या बागेकडे पाहून वाटते.

नेकचंद बराच काळ एकट्याने राबले. तेच काम सोबतीने केले तर तुकडे मिळवण्यापासून ते बसवण्यापर्यंत सारेच हलके होते. एकाच्या घरी निळ्या बाटल्या असतात, दुसऱ्याच्या घरी फुटका आरसा. तबक पुरे व्हायला सगळ्यांच्या घरातले काहीतरी लागते.

‘वाढलेली’ बांगडी

या मैफलीत येणाऱ्या साहित्यात सर्वांत नाजूक असतात त्या बांगड्या. मराठी घरात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. अशुभ शब्द जिभेवर येऊ नये म्हणून भाषेने काढलेली ही पळवाट आहे. बांगड्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कासारांत जैन कासारही आहेत. हातात भरताना वाढलेली बांगडी कासाराने आपल्या खाती धरायची आणि धड भरलेल्या बांगड्यांचेच पैसे घ्यायचे, ही त्या धंद्यातील जुनी रीत. नाजूक मालाचा व्यापार करणाऱ्याने तूट सोसण्याची तयारी ठेवावी, हे त्यात गृहीत होते.

परंतु बांगड्या वाढण्याचा एक प्रसंग असा आहे की तेथे भाषेचा मुलायमपणाही उपयोगी पडत नाही. पतीचे निधन झालेल्या स्त्रीच्या हातातील बांगड्या चारचौघांसमोर फोडल्या जात. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे त्याबरोबरचे विधी. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा गावापुरत्या बंद केल्या. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. शिरोळ, हातकणंगले आणि सांगली हा परिसर मराठी बोलणाऱ्या जैन कुटुंबांचा जुना प्रदेश आहे, त्यामुळे हा ठराव अनेक वाचकांच्या अगदी घराशेजारी झाला आहे.

ठराव ग्रामसभेत होतो, पण तो जगायचा असतो दिवाणखान्यात. हळदीकुंकू, ओटी, डोहाळजेवण, लग्नातील बांगड्या भरणे, या सगळ्या प्रसंगी पती गमावलेली मैत्रीण आपण होऊन मागे उभी राहते. तिला कोणी हाकलत नाही. बोलवावे की नाही या संकोचात कोणी बोलावतही नाही. रात्रिभोजन न करणाऱ्या मित्राचे जे होते तेच येथे अधिक खोलवर होते, आणि वर्षभरात ती मैत्रिणींच्या भिशीतूनही नाहीशी होते. काचेच्या तबकाभोवतीची बैठक हा असा प्रसंग आहे की तेथे कोणाचा हात रिकामा आहे आणि कोणाचा भरलेला, हे विचारण्याचे कारणच पडत नाही. काम करताना सगळ्याच जणी बांगड्या काढून ठेवतात आणि मोजे चढवतात.

अशा बैठकीत तिने आपल्या जपून ठेवलेल्या बांगड्यांचे तुकडे आणावेत असे कोणी सुचवू नये. तो विषय तिचा आहे. काहींना ते तुकडे नदीत सोडून मोकळे व्हायचे असते, काहींना ते डब्यात तसेच ठेवायचे असतात. पण तिने ते आपण होऊन तबकात ठेवले, तर इतरांनी दचकू नये आणि त्यांची जागा चित्राच्या कोपऱ्यात ढकलू नये. हिरवा तुकडा पान होण्यास योग्य असेल तर त्याचे पान व्हावे. त्या रात्री तिच्या मैत्रिणींनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

घट, मुकुट आणि सोने

जैन तत्त्वज्ञानाने फुटणे आणि जुळणे यांच्याकडे भीतीने पाहिलेले नाही. जड द्रव्याला पुद्गल हे नाव देताना शास्त्रकारांनी त्याची फोडच पूरण आणि गलन अशी केली, म्हणजे भरून येणे आणि गळून जाणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पुद्गलस्कंधांची उत्पत्ती भेद आणि संघात या दोहोंतून सांगितली आहे. वेगळे होण्यातूनही नवे घडते आणि एकत्र येण्यातूनही नवे घडते.

आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त दिलेला दृष्टांत तर सराफी पेढीवरच्या कोणालाही चटकन उमजेल. सोनार सोन्याचा घट मोडून मुकुट घडवतो. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याची नजर सोन्यावर आहे तो शांत राहतो, कारण सोने तेवढेच आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तीन अंगे एकाच क्षणी एकाच वस्तूत कशी नांदतात, हे सांगण्यासाठी आचार्यांनी हे उदाहरण योजले.

काचेलाही हे लागू पडते, आणि ते भट्टीत दिसते. काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्यापासून दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाला बनते. त्या मिश्रणात फुटक्या काचेचा चुरा घातला की ते कमी उष्णतेत वितळते, इंधन वाचते आणि काचेचा दर्जाही घटत नाही. बाटली कितीही वेळा वितळवून पुन्हा बाटली करता येते. काचेच्या कारखान्यांची आठवण महाराष्ट्राला जवळची आहे. स्वदेशीच्या चळवळीत तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडातून काच कारखाना निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले. मात्र प्रत्येक फुटकी काच भट्टीच्या कामाची नसते. आरशाला मुलामा असतो, उष्णता सोसणारी भांडी वेगळ्या घटकांची असतात, बांगडीत रंगद्रव्ये असतात. बाटल्यांच्या भट्टीत असे तुकडे मिसळले तर सगळा घाणा बिघडतो, म्हणून भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. तबकावरच्या चित्रांना हाच नकोसा माल सर्वांत चांगला उपयोगी पडतो.

मैफल उठताना

रात्री दहा-साडेदहाला तबके एका बाजूस सपाट जागी ठेवली जातात. आता उरते ते आवरणे, आणि या मैफलीत ते मांडणीइतकेच महत्त्वाचे आहे. टेबलावर आणि जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली असावीत, म्हणजे बराचसा चुरा त्यांच्यासकट गुंडाळता येतो. उरलेला चुरा हाताने गोळा करू नये आणि नुसता झाडूही मारू नये, कारण काचेची कुसळे झाडूत अडकून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत पडतात. ओल्या कागदाने जमीन टिपून घ्यावी. कानाकोपऱ्यातील कुसळांसाठी आयाबायांची जुनी युक्ती अजूनही चालते. कणकेचा मऊ गोळा जमिनीवरून हलकेच दाबत फिरवला की सारे बारीक कण त्याला चिकटून येतात. तो गोळा मात्र गाय, कुत्रा किंवा पाखरे यांच्या तोंडी लागणार नाही असा नीट बांधूनच टाकावा.

उरलेले तुकडे कचऱ्याच्या पिशवीत सुटे टाकणे हे सर्वांत मोठे पाप समजावे. पहाटे ती पिशवी उपसणारी कचरावेचक बाई बहुधा उघड्या हातांनी काम करत असते. तिच्या तळहाताला काच लागली तर तिची दिवसाची मजुरी बुडते आणि जखम चिघळण्याचा धोका वेगळाच. पिशवी रस्त्यावर फुटली तर चारा हुंगत आलेल्या गाईच्या तोंडात तीच काच जाते. मुंगी चिरडू नये म्हणून पाहून पाऊल टाकणाऱ्या घरातून ही हिंसा केवळ निष्काळजीपणाने घडते. म्हणून तुकडे जाड कागदात वा जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावेत, खोके दोरीने बांधावे आणि वर ठळक अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहावे. शक्य असेल तर ते सकाळी सफाई कामगाराच्या हातात सांगून द्यावे.

गोंद वाळला की चार-आठ दिवसांनी पुन्हा जमायचे, फटी भरायच्या आणि पृष्ठभागावरून उघडा तळहात फिरवून पाहायचा. कोठे टोचले तर तेथे आणखी थोडा लगदा. असे तबक पुढे दिवाळीत पणतीखाली ठेवता येते, मित्राच्या नव्या दुकानाच्या मुहूर्ताला भेट देता येते, किंवा ज्या मैत्रिणीने त्यात आपले तुकडे घातले तिच्या घरी ते राहते. ते कोणाकडे जावे, हे दुसऱ्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे.